दवाखान्याच्या बिलापलीकडील विमा

सातारा-सांगली भागाला विम्याची कल्पना नवी नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी 'वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स' ही कंपनी स्थापन केली. पुढे १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना, आयुर्विम्याचा व्यवसाय शासनाने हाती घेतला. देशभरातील २४५ संस्था एकत्र होऊन त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि साताऱ्याची कंपनीही त्यात विलीन झाली. महामंडळाचे विभागीय कार्यालय आजही साताऱ्यास आहे.

त्या काळी विमा म्हणजे कर्त्या पुरुषाच्या मागे कुटुंबाच्या हाती पडणारी रक्कम, असाच अर्थ लोकांना ठाऊक होता. आज गावात कोणाशीही विम्याचा विषय काढला, तर तो दवाखान्याच्या बिलाविषयी बोलू लागतो. दोन्ही समजुती अर्ध्याच आहेत. मोठे आजारपण किंवा अपघात घरावर तीन बाजूंनी चालून येतो. पहिली बाजू उपचाराच्या खर्चाची. दुसरी, त्या काळात बंद पडणाऱ्या मिळकतीची. तिसरी, मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास पुढच्या सगळ्या वर्षांची. गेल्या काही वर्षांत पहिल्या बाजूची बरीच तरतूद झाली आहे. उरलेल्या दोन बाजूंना कोणता विमा उपयोगी पडतो, तो कोठे मिळतो आणि मिळण्यासारखा असूनही हातचा का जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेहमीचे छत्र

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू होऊन सातारा व सांगली जिल्ह्यांतही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा होती. २०२० मध्ये ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडण्यात आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा ५ लाखांवर नेण्यात येऊन शिधापत्रिकेच्या रंगाची अटही गळून पडली, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे शिधापत्रिका व ओळखपत्र दिले की पुढील उपचार रोख रक्कम न भरता होतात. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले असून त्याला उत्पन्नाची अट नाही. निवृत्त शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याखेरीज व्यवसायपरत्वे वेगवेगळी छत्रे आहेत. घरटी सैनिक देणाऱ्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावातील माजी सैनिकांना २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. पाटण, जावळीकडून मुंबईस गेलेल्या माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळे आहेत. कारखान्यात महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या कामगाराला राज्य कामगार विमा योजना आहे. या शेवटच्या योजनेचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेआड होते. आजारपणात कामावर जाता आले नाही, तर अटींची पूर्तता करणाऱ्या कामगाराला वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. बुडालेल्या मजुरीची भरपाई करणारी व्यवस्था कशी असावी, याचा हा नमुना आहे. शेतकऱ्याला, शेतमजुराला, भाजीवालीला अशी व्यवस्था नाही.

समजा, आटपाडी तालुक्यातील एका शेतमजुराला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेस आणले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारल्यापासून या पंचक्रोशीतील, तसेच कर्नाटकाच्या सीमेपलीकडील रुग्ण मिरजेची वाट धरत आले आहेत. शस्त्रक्रियेचा, औषधांचा, रुग्णाच्या जेवणाचा खर्च योजनेतून होतो. घरी परतताना रुग्णाचे एस.टी.चे भाडे देण्याचीही तरतूद आहे आणि सुटी मिळाल्यानंतर १० दिवसांपर्यंतच्या औषधांचीही. पण सोबत आलेल्या पत्नीचे जाणे-येणे आणि जेवण, तिची पंधरा दिवसांची बुडालेली मजुरी, दहा दिवसांनंतर वर्षभर घ्यावी लागणारी औषधे, डॉक्टरांनी जड काम वर्ज्य केल्यामुळे गेलेला हंगाम, हे कोणत्याच बिलात येत नाही. शस्त्रक्रिया फुकट होऊनही घर कर्जात गेले, असे लोक सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. ते या दुसऱ्या हिशेबाविषयी बोलत असतात.

शेतकऱ्याचा अपघात

उसाच्या पाण्याची पाळी रात्री येते, आणि विजेचा धक्का, विंचू, सर्प ही संकटेही त्याच वेळी समोर येतात. कृष्णा-वारणेच्या काठी पूर आहे, माण-खटावच्या माळावर वीज पडते, द्राक्षबागेत औषधफवारणी आहे, महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत. यांसाठी राज्य शासनाने २००५-०६ पासून शेतकरी अपघात विमा ठेवला होता. विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या या व्यवस्थेत दावे रेंगाळत वा फेटाळले जात, अशी तक्रार वारंवार होत असे. म्हणून १९ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने विमा कंपनीला मधून काढून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणण्यात आली. आता तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. मृत्यूबद्दल २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. शेतकऱ्याला हप्ता भरावा लागत नाही.

लाभ कोणाला, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. वय १० ते ७५ असावे. सात-बारावर नाव असलेला खातेदार, आणि खातेदार नसलेला कुटुंबातील कोणताही एक सदस्य, असे दोघे या योजनेत येतात. आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणीही तो सदस्य असू शकतो. शेतात राबणारी पण सात-बारावर नाव नसलेली गृहिणी योजनेबाहेर असते, अशी समजूत अजून पुष्कळ गावांत आहे. ती चुकीची असून त्यामुळे अर्जच केले जात नाहीत.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. दुःखाचे पहिले तेरा दिवस त्यातून वजा करा. उरलेल्या दिवसांत सात-बारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, गाव नमुना ६-क प्रमाणे वारस नोंद, प्रथम माहिती अहवाल किंवा स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल, आणि अपघाताच्या प्रकारानुसार लागणारे वैद्यकीय कागद जमवायचे असतात. सर्पदंशाच्या प्रकरणात अडचण हमखास येते. माणसाला आधी देवळात किंवा मांत्रिकाकडे नेले, तेथेच प्राण गेला आणि शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार झाले, तर मृत्यू सर्पदंशानेच झाला हे दाखविण्यास कागद उरत नाही. बत्तीस शिराळ्याच्या परिसरात नागाविषयी जी श्रद्धा आहे तिचा अनादर न करताही एवढे सांगता येईल की, रुग्णाला प्रथम रुग्णालयात नेल्याने प्राण वाचण्याचा संभव असतो. आणि न वाचल्यास रुग्णालयाची नोंद हाच वारसांचा पुरावा ठरतो. या एका बाबतीत पोलीस पाटील आणि सरपंच यांनी वेळेवर दिलेला शब्द लाखमोलाचा ठरतो.

आत्महत्या, नैसर्गिक मृत्यू आणि नशेत झालेला अपघात या योजनेत बसत नाहीत. त्याच अपघाताबद्दल शासनाच्या अन्य विभागाकडून लाभ घेतला असल्यासही हे अनुदान मिळत नाही.

वर्षाला वीस रुपये

ज्याच्या घरात सात-बाराच नाही त्याचे काय? ऊसतोडीची टोळी, वीटभट्टीवरचा मजूर, विट्या-खानापूरकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेल्या कुटुंबांतील कामगार, मोलकरीण, हॉटेलातला पोऱ्या सज्ञान झाल्यावर. या साऱ्यांना ९ मे २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना खुली आहे. वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात बचत खाते, एवढ्या दोन अटी. वर्षाचा हप्ता पूर्वी १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. साप चावणे, झाडावरून पडणे अशा प्रकारांत पोलिसांचे कागद नसल्यास रुग्णालयाची तत्काळ झालेली नोंद पुरावा म्हणून चालते.

तिच्या जोडीची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला २ लाख रुपये देते. हप्ता वर्षाला ४३६ रुपये. १८ ते ५० या वयात सामील होता येते आणि संरक्षण ५५ पर्यंत चालते. सामील झाल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाल्यास रक्कम मिळत नाही. दोन्ही योजनांत एका माणसाला एकाच खात्यातून लाभ घेता येतो. तीन बँकांत खाती उघडून तीनदा हप्ता कापला गेला तरी रक्कम तिप्पट होत नाही.

पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर हप्ता दोघांचा वेगवेगळा भरावा लागतो. पतीचा भरला म्हणजे घराचा भरला, हा समज आढळतो. महिला बचत गटाच्या बैठकीत पासबुके उघडून पाहिली तर किती जणींच्या नावे २० रुपयांची नोंद आहे, हे पाच मिनिटांत कळते.

बांधकाम मजुरांसाठी तर कल्याणकारी मंडळच आहे. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. या नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि खेड्यात तो देण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आहे. दाखला खोट्या माणसाला देऊ नये हे खरे. पण खऱ्या मजुराला तो देण्यास विलंब झाला, तर त्या विलंबाची किंमतही ५ लाख रुपये असू शकते.

शाळा आणि रस्ता

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यासाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२२ मध्ये अपघाती मृत्यूची रक्कम दीड लाख रुपये करण्यात आली. अपंगत्वासाठीही रक्कम आहे. प्रस्ताव शाळेमार्फत जात असल्याने या योजनेचे सारे यश मुख्याध्यापकांच्या माहितीवर अवलंबून असते. अपघात शाळेच्या आवारातच झाला पाहिजे असे नाही. सुटीत विहिरीत बुडालेल्या मुलाचे पालक या कामासाठी आपण होऊन शाळेत येत नाहीत; त्यांच्याकडे शिक्षकांनीच जावे लागते.

पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी घाटातून सातारा, कराडवरून पुढे जातो. मोटार अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचाराची योजना अधिसूचित केली. अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयात हे उपचार होतात; जखमी कोणत्या राज्याचा आहे, हे पाहिले जात नाही. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर जखमेबद्दल ५० हजार रुपयांची भरपाई महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करून मिळते. 'वाहनच सापडले नाही, आता कोणावर दावा करायचा?' असे म्हणून पुष्कळ कुटुंबे स्वस्थ बसतात.

नोकरदारांसाठी टॉप-अप आणि सुपर टॉप-अप

शासकीय कर्मचारी व जिल्हा परिषदेचे शिक्षक यांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. तिची पद्धत आधी खर्च, नंतर मंजुरी अशी असल्याने मधले महिने उसनवारीवर काढावे लागतात, आणि निवृत्तीनंतर हा आधार पूर्वीसारखा राहत नाही. म्हणून अनेक जण ३ ते ५ लाखांचा आरोग्य विमा स्वतंत्रपणे घेतात. मोठ्या आजारात ही रक्कम अपुरी पडते. पण मूळ विमाच १५ लाखांचा करावयाचा तर हप्ता झेपत नाही. या अडचणीवर टॉप-अप हा उपाय आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा खर्च विमेदाराने स्वतः किंवा मूळ विम्यातून करावयाचा, त्यावरचा खर्च टॉप-अपने द्यावयाचा, अशी ही रचना असते. खालच्या मर्यादेला डिडक्टिबल म्हणतात. लहान दाव्यांचा भार नसल्याने हप्ता कमी बसतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतील फरक आकड्यांनी लवकर कळेल. समजा, एका शिक्षकाचा मूळ विमा ३ लाखांचा आहे आणि ३ लाखांच्या डिडक्टिबलवर १० लाखांचा टॉप-अप आहे. वर्षात घरात दोन वेळा रुग्णालयाची वेळ आली आणि प्रत्येक वेळी अडीच लाख खर्च झाला. मूळ विम्यातून पहिल्या वेळी अडीच लाख आणि दुसऱ्या वेळी उरलेले ५० हजार मिळाले. राहिले २ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिलाकडे वेगळे पाहतो. दोन्ही बिले ३ लाखांच्या आतील, म्हणून तो एक रुपयाही देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो. बेरीज ५ लाख, त्यातून ३ लाख वजा जाता २ लाख रुपये तो देईल. हप्त्यातला फरक थोडा असतो. माझ्या मते कुटुंबासाठी सुपर टॉप-अपच घ्यावा. जन आरोग्य योजनेतून झालेला खर्च डिडक्टिबलमध्ये धरला जाईल किंवा नाही, हे मात्र पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते आणि कंपनीकडून ते लेखी घ्यावे. एजंटाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

खोलीभाड्याची अट हा दुसरा खड्डा. दिवसाला ३ हजारांच्या खोलीची मर्यादा असता ६ हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरकच नव्हे, डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियागृहाचा आकारही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. नातेवाईकांना ही गोष्ट कळते ती बिल हाती पडल्यावर.

आणखी दोन प्रकारांचा उल्लेख केला पाहिजे. हॉस्पिटल कॅश विम्यात रुग्णालयातील प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही असो. आटपाडीच्या मजुराच्या उदाहरणात पत्नीच्या मजुरीचा जो खड्डा होता, तो थोडाफार भरून काढणारा हा विमा आहे. गंभीर आजाराच्या विम्यात कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात अशा यादीतील आजाराचे निदान होताच एकरकमी रक्कम हाती येते. बहुतेक कंपन्या सुरुवातीचे ९० दिवस दावा मान्य करीत नाहीत आणि यादीतील व्याख्या काटेकोर असतात. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत काही शे रुपयांच्या वार्षिक हप्त्यात १० लाखांपर्यंतचे अपघात विमेही मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. रुग्णालयाच्या बिलाची भरपाई एकदाच होते. दोन पॉलिसी असल्या तरी बिलापेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. अपघात, मृत्यू, गंभीर आजार, हॉस्पिटल कॅश यांची रक्कम ठरीव असल्याने हप्ता भरून घेतलेल्या प्रत्येक विम्याखाली ती स्वतंत्रपणे मागता येते.

दावा नाकारला तर

नाकारलेल्या दाव्यांमागे पुष्कळदा एकच कारण सापडते. अर्ज एजंटाने भरलेला, विमेदाराने नुसती सही केलेली, आणि त्यात मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेले. आधीचा आजार सांगितल्याने विमा नेहमीच नाकारला जात नाही. २०२४ च्या नियमांनुसार अशा आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करण्याचीही मुभा आहे.

कंपनीने महिनाभरात तक्रारीचे निवारण केले नाही, तर सातारा-सांगलीच्या रहिवाशांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तेथे चालते. मात्र कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत ती करावी लागते.

राहिला कागदांचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या घरांत माळ्यापर्यंत पाणी नेले. ज्या पत्र्याच्या पेटीत पासबुके आणि पॉलिसी होत्या, ती पेटीच वाहून गेली. विम्याच्या बाबतीत पुढचे नुकसान असे की, घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसते. बँकेत जाऊन विचारणार कोण आणि काय? पॉलिसी क्रमांक, बँकेची शाखा आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव एवढ्या तीन गोष्टी घरातील दोन माणसांच्या मोबाइलवर आणि एका नातेवाइकाच्या वहीत असल्या तरी पुरे. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर नामनिर्देशन आईचेच राहिलेले असते, तेही एकदा पाहून घ्यावे.

सुरक्षा विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून वळता होतो. त्याआधी १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. त्या सभेत, टंचाई आणि घरपट्टीच्या विषयांनंतर, पासबुकात २० व ४३६ रुपयांच्या नोंदी तपासण्यासाठी अर्धा तास काढता येण्यासारखा आहे. त्या आठवड्यात ज्यांच्या खात्यात शिल्लक नसते त्यांचा विमा ३१ मे रोजी संपतो. तो पुन्हा सुरू करता येतो, पण मधल्या दिवसांत झालेल्या अपघाताला संरक्षण नसते, आणि हे मधले दिवस नेमके वळवाच्या विजांचे व पेरणीच्या धावपळीचे असतात.